क्रांतीची तोंडी परीक्षा आणि कडेगावात ठरलेलं लग्न

॥ श्री ॥

कडेगाव,
शुक्रवार, दुपारी

चि. सौ. निर्मला हिस प्रमिलाताईचे अनेक आशीर्वाद.

काल तू माझा फोन तीन वेळा कापलास, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. धैर्यशीलचं लग्न त्याच्या आईला न विचारता कडेगावात ठरवणारी मी कोण, एवढं विचारून तू उत्तर यायच्या आत फोन ठेवत होतीस. पत्राला ही सोय नाही. ते फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच, आणि तू तर नक्कीच वाचशील.

आधी खुशाली. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टरांनी दिलेला व्यायाम तू करत नसणार, तो करावा. जयराजरावांची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे, आणि नसेल तर त्यांच्या कपाटातल्या फरसाणाच्या डब्यामागे बघ. तुम्हां उभयतांना ईश्वर सद्बुद्धी देवो. आता मुद्द्याचं.

धैर्यशीलचं लग्न मी ठरवलेलं नाही. ते ठरलं आहे असा गावाचा समज झाला आहे, आणि तो माझ्यामुळे झाला आहे, हे मी मान्य करते. कसा झाला ते क्रमाने सांगते. मध्ये बोलू नकोस.

मी जर्मनचे वर्ग घेते हे तुला माहीत आहे. (तू 'माहीत आहे' म्हणतेस तेव्हा तुला साधारण निम्मं माहीत असतं, म्हणून उरलेलं सांगते.) पुण्यात बी.ए.ला मी जर्मन घेतलं तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, की याचा उपयोग काय? उपयोग व्हायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. तेहतीस वर्षं इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, जर्मन पेटीत पडून राहिलं. आता परिचारिका होऊन जर्मनीला जाणाऱ्या मुली दारात येतात, आणि आसपास दुसरं कोणी शिकवणारं नाही. सध्या माझ्याकडे अकरा जणी आहेत. एक आष्ट्याहून दोन गाड्या बदलून येते आणि तीच वेळेवर येते.

साधनं म्हणशील तर शहरातल्या वर्गांसारखी माझ्याकडे नाहीत. म्हणून जे गावात आहे ते वापरते. घरातल्या घड्याळापासून मोरीतल्या बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर तिचं जर्मन नाव चिकटवलं आहे. बाजाराचा पाठ बाजारात होतो. वेळ सांगायचा पाठ मी एसटी स्टँडवर घेते. गाडी कधी येणार होती, आता किती वाजले, आणि ती कधी येईल असं वाटतं, हे तिन्ही काळ तिथे आयते मिळतात. ऐकण्याच्या सरावासाठी दूध डेअरीचा कर्णा उसना घेते, कारण परीक्षेच्या खोलीतला आवाजही तसाच घुमतो. (सकाळी दूध घालायला येणाऱ्या मंडळींनी जर्मन रेल्वेच्या सूचना इतक्या वेळा ऐकल्या आहेत की म्हसरू रस्त्यात आडवं आलं तर डेअरीतला केरबा त्याला 'आख्तुंग', म्हणजे 'सावधान', म्हणतो. म्हसरूही बाजूला होतं.)

या अकरांत क्रांती नावाची मुलगी आहे. वय बावीस. नर्सिंगची पदविका पहिल्या वर्गात. वडील मानसिंग हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले. गाव त्यांना मेजर म्हणतं आणि ते नाकारत नाहीत. पाच एकर ऊस, चार म्हशी. क्रांती लेखी परीक्षेत माझ्यापेक्षा कमी चुका करते. तिकडच्या एका रुग्णालयाने तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. फक्त बोलण्याची परीक्षा राहिली आहे, आणि ती मागच्या खेपेला नापास झाली.

का नापास झाली ते ऐक. परीक्षेत समोरच्या उमेदवाराशी बोलून काहीतरी बेत ठरवायचा असतो. यांना मैत्रिणीचा वाढदिवस ठरवायचा होता. समोरचा मुलगा म्हणाला, रविवारी करू. ही म्हणाली, हो. तो म्हणाला, की सोमवारी करू या? हो. घरी? हो. की बाहेर? हो. शेवटी तो बिचारा गोंधळून म्हणाला, मग करूच नये का? त्यालाही हो. आणि हे सगळं जमिनीकडे बघून. परीक्षकांनी शेरा दिला की उमेदवाराला स्वतःचं मत नाही. मत आहे गं. चांगलं टोकदार आहे. पण मोठ्यांसमोर, परक्यांसमोर, पुरुषांसमोर ते बाहेर काढायचं नाही हे तिला बावीस वर्षं शिकवलं आहे, आणि ते शिकवणं माझ्या शिकवण्यापेक्षा जुनं आहे.

मेजर म्हणाले, झालं तेवढं पुरे. म्हसवडचं एक स्थळ आलं होतं, मुलाचं शेतीच्या औषधांचं दुकान. मी हातापाया पडले नाही (ते मला येत नाही), पण दारात उभी राहिले आणि हटले नाही, तेव्हा त्यांनी आणखी एक संधी कबूल केली. तीसुद्धा अशी की पहाटे वैरण, मग धारा, मग घरकाम, आणि उरलं तर जर्मन. मोबाइल मेजरांच्या खिशात. ती परीक्षा परवा रविवारी, पुण्याला आहे.

तेव्हा मी विचार केला की हिला परक्यांसमोर बसवून सराव द्यायला हवा. वर्गातल्या मुली परक्या नाहीत, मी तर नाहीच. धैर्यशीलने कंपनीसाठी जर्मन शिकून ठेवलं आहे, म्हणून त्याला पंधरवड्यामागच्या शुक्रवारी बोलावून घेतलं. (तुला त्याने 'मावशीचा पंखा दुरुस्त करायला जातो' असं सांगितलं असेल तर तेही खरं आहे. पंखा आता फिरतो.) पण परीक्षक एकटा नसतो. म्हणून खतांच्या दुकानाचे नानासो आणि डेअरीतला केरबा या दोघांना सोफ्यावर बसवलं. त्यांना जर्मन येत नाही. त्यांना सांगितलं, की गंभीर चेहऱ्याने मुलीकडे बघायचं, अधूनमधून मान हलवायची, कागदावर काहीतरी लिहायचं, आणि तोंड उघडायचं नाही. क्रांतीला सांगितलं, की व्यवस्थित कपडे करून ये. तिच्या आईने 'परीक्षक' शब्द ऐकून तिला अबोली रंगाची साडी नेसवली. परीक्षेचा विषय मी 'पाहुणचार' ठेवला होता, म्हणून तिला चहा आणि पोह्यांचा ट्रे घेऊन आत यायला लावलं.

आता तू हसते आहेस. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण माझ्या लक्षातच आलं नाही. असल्या कार्यक्रमाचा माझा अनुभव एकदाच्या वर नाही. तुला आठवत असेल, सांगलीचे ते पाहुणे आले होते आणि मीच मुलाला विचारलं होतं, की बी.एस्सी.ला किती टक्के? पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. तू दाराआडून हसत होतीस. त्यानंतर मला बघायला कोणी आलं नाही आणि माझं काही अडलं नाही.

तर सोफ्यावर तीन पुरुष, मधला तरुण, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दारातून साडीतली मुलगी ट्रे घेऊन मान खाली घालून आली. मधल्याने नाव विचारलं. गाव विचारलं. शिक्षण, भावंडं, आवडीनिवडी, स्वयंपाकात काय काय येतं ते विचारलं. सगळं शुद्ध जर्मनमध्ये. खिडकी उघडी होती आणि खिडकीत शेजारची धोंडुबाई होती. तिला जर्मनचा एक शब्द कळत नाही. पण निर्मला, त्या कार्यक्रमाला भाषा लागतच नाही. तो जगात कुठेही, कुठल्याही भाषेत केला तरी कळतो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बारा मिनिटं गप्प बसलेल्या नानासोंना राहवलं नाही. त्यांच्या बसण्यात असे दोनशे कार्यक्रम झाले असतील. त्यांनी बशी खाली ठेवली आणि मराठीत विचारलं, "पोरी, मामाकूळ कुठलं गं तुझं?" क्रांतीने जन्मात पहिल्यांदा एका परीक्षकाला चटकन आणि पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. केरबा म्हणाला, "मग काय बघायचं ऱ्हायलंय? नाकीडोळी झ्याक हाय. कसं, पाव्हणं?" आणि धैर्यशीलने, गाढवाने, मान हलवली. (तो नंतर म्हणाला की मला वाटलं, उत्तर बरोबर होतं का असं ते विचारत आहेत.)

यापुढची चूक सर्वस्वी माझी. शुक्रवार, तिन्हीसांजेची वेळ, घरात आलेली मुलगी पहिल्यांदाच साडीत. तिला मी तशीच पाठवणार का? आईने आपल्याला तसं वळण लावलेलं नाही. मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ आणि ब्लाउजपीस हातात दिला. खिडकीतून धोंडुबाईने काय पाहिलं? मुलगा आला, मुलगी पाहिली, कूळ विचारलं, मुलाने मान हलवली, आणि मुलाच्या सख्ख्या मावशीने कुंकू लावून नारळ दिला. यापुढे फक्त मांडव उरतो. शिवाय धैर्यशीलने तिच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं. त्यात तिच्या बोलण्यावरचा शेरा होता: 'वर बघा. जोरात बोला. पटत नसेल तर नाही म्हणा.' तो जर्मनमध्ये असल्यामुळे घरात कोणाला वाचता येत नाही. मेजरांनी तो 'पाव्हण्यांचं पत्र' म्हणून पेन्शनच्या कागदांबरोबर कपाटात ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मेजर दारात. अंगात सैन्यातला कोट, मिशीला पीळ, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण नंतर तू म्हणशील की ताईने तिखटमीठ लावलं.

"आवं बाई, आमाला आधी सांगायचं तरी! घरात कोण न्हाई, पोरगी एकटी, आन् तुमी कार्यक्रम उरकला बी! पर ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरात झालं म्हंजी आमच्याच घरात झालं. पोरगं चांगलं हाय असं केरबा म्हणतुया. आमची पसंती हाय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पाव्हण्यास्नी पोरीचं जर्मन लय आवडलं म्हणं. मग शिकू द्या की तिला! उद्यापास्नं वैरण-धारा बंद. मोबाइल तिच्याकडंच. म्हसवडकरांस्नी न्हाई म्हणून कळवतो. लगीन झाल्यावर दोघं तिकडं गेली तर जाऊ द्यात; आमी बी लडाखात काढलीच की चार वर्सं. बैठकीला मातूर ऊसतोड झाल्यावर येणार. टोळी आलीया, फड रिकामा झाल्याबिगर मला हलता येत न्हाई."

मी तोंड मिटलं. तेहतीस वर्षं मी पोरांना सांगत आले की खरं बोला. खोटं मी त्या दिवशीही बोलले नाही. फक्त मला कोणी काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे दोन्ही सारखंच, हे मला कळतं. उपदेश करू नकोस. तो मी स्वतःला रोज पहाटे करते. पण त्याच वेळी दोन वर्षं तिष्ठत राहिलेली मुलगी पहिल्यांदा पहाटे पुस्तक घेऊन बसलेली असते.

ते दोन आठवडे आम्ही वाया घालवले नाहीत. मी तिला एकच काम दिलं. मी जे म्हणेन त्याला जर्मनमध्ये विरोध करायचा, कारण द्यायचं, आणि बोलताना माझ्या डोळ्यांत बघायचं. पहिले दोन दिवस ती 'नाही' म्हणून माफी मागत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली की बाईंचा चहा फार गोड असतो. पाचव्या दिवशी म्हणाली की बादलीवरची चिठ्ठी दर आठवड्याला भिजते, ती बादलीवर लावण्यात अर्थ नाही, भिंतीवर लावा. (बरोबर आहे. लावली.) आठव्या दिवशी तिने माझ्या शिकवण्याच्या पद्धतीतल्या तीन उणिवा सांगितल्या, आणि त्यांतल्या दोन खऱ्या होत्या. मी फार संतापले आणि मला फार आनंद झाला. घरी जाऊन तिने वडिलांना मराठीत सांगितलं, "बाबा, आधी परीक्षा, मग बाकीचं." मेजरांनी ते सगळ्या टोळीला कौतुकाने ऐकवलं. म्हणे, सासरचं वळण आतापासूनच लागलं.

ही बातमी तुझ्या कराडच्या नणंदेपर्यंत परवा पोहोचली, आणि तिच्याकडून तुझ्यापर्यंत. माझ्याकडून आधी यायला हवी होती. त्याबद्दल दिलगीर आहे. हा शब्द मी तुला याआधी लिहिला असेल असं वाटत नाही. पत्र जपून ठेव.

एवढंच सांगायचं होतं. बाकी क्षेम. गुडघ्याचा व्यायाम कर.

तुझी,
प्रमिलाताई

ता. क. एवढंच सांगायचं नव्हतं. हे पत्र घेऊन तुझ्या दारात जी मुलगी उभी आहे, ती क्रांती. आधी तिला आत घे, मग पुढचं वाच. परीक्षा रविवारी सकाळी साडेआठला आहे आणि इथून त्या वेळेला पुण्यात पोहोचवणारी गाडी नाही. शनिवारची रात्र साताऱ्यात तुझ्याकडे काढून पहाटे निघाली तर पोहोचते. मेजरांनी तिला एकटीला पाठवलं ते केवळ 'होणाऱ्या सोयऱ्यांचं घर' म्हणून. तिला बसमध्ये बसवून ते लगेच फडावर परतणार आहेत. ते तुला फोन करतील. 'मुलगी पोहोचली' एवढंच सांग. ते खरं असेल. बाकी काही विचारलं तर कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेव. फोन ठेवण्याचा तुला सराव आहे.

ता. क. २. सोमवारी सकाळी मी स्वतः मेजरांकडे जाऊन सगळं सांगणार आहे. भाषण तयार आहे. त्यांची बायको साळूबाई मंगळवारी माझ्या मागच्या दाराने आली होती. मी म्हटलं, साळूबाई, तुम्हाला एक सांगायचं आहे. ती म्हणाली, "मला समदं ठावं हाय बाई. साडी मीच नेसवली न्हवं? पाव्हण्यांचा कार्यक्रम आसता तर नवी नेसवली आसती. तुमी रविवारपत्तुर कायबी बोलू नगा. सोमवारी मी तुमच्या बाजूला हुबी ऱ्हाते." तरीही मला थोडी भीती वाटते आहे. हे कोणाला सांगू नकोस.

ता. क. ३. आता तुझ्या काळजीचं. या गोंधळातून खरंच काही जमावं असा विचार माझ्याही मनात येऊन गेला (मी माणूसच आहे), म्हणून काल क्रांतीला सरळ विचारलं, की धैर्यशील कसा वाटला? तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि न अडखळता पाच वाक्यांत जर्मनमध्ये सांगितलं, की माणूस सभ्य आहे, पंखा चांगला दुरुस्त करतो, पण प्रश्न विचारताना घाबरतो, आणि माझ्या नवऱ्याने कुठल्याही भाषेत घाबरू नये अशी माझी इच्छा आहे, तेव्हा नको. विरोध केला, कारण दिलं, माफी मागितली नाही. मी पैकीच्या पैकी गुण दिले. तेव्हा निर्मला, तुझा मुलगा सुटला आहे. गेल्या तीन वर्षांत सतरा मुली नापसंत करणाऱ्या घराला पहिला नकार माझ्या वर्गातून गेला, याचा मला अभिमान वाटतो आहे. तुला वाटणार नाही हे मी समजू शकते.

ता. क. ४. खालची यादी तपासून सही कर आणि तिचा फोटो मला पाठव.

शनिवारी दुपारी कडेगाव स्टँडवर क्रांतीच्या हाती दिलेल्या वस्तू:
प्रवेशपत्र, प्रती दोन (एक पिशवीत, एक तिच्या पर्समध्ये).
पासपोर्ट, प्लॅस्टिकच्या पाकिटात.
निळी पेनं, तीन.
तिळाची चटणी, एक बरणी (तुझ्यासाठी. जयराजरावांना देऊ नये).
साळूबाईंनी दिलेल्या दशम्या, फडक्यात.
क्रांती, एक. परत पाठवायची घाई करू नये. पुढे पाठवावी.

देणार: प्रमिला.

घेणार: सर्व मिळालं. दशम्या ह्यांनी येताक्षणी संपवल्या. मुलगी जेवली, आणि आमटीत मीठ कमी आहे असं माझ्या तोंडावर म्हणाली. कमीच होतं. पहाटेच्या गाडीने मी स्वतः तिच्याबरोबर पुण्याला जाते आहे, गुडघा गेला खड्ड्यात. धैर्यशील स्टँडपर्यंत सोडायला येईल. त्याला नकाराचं सांगितलेलं नाही. फोनवर मेजरांना 'पोहोचली' म्हटलं आणि कुकर नसतानाही फोन ठेवला. सोमवारी तिला घेऊन मीही कडेगावात येते. तू एकटीने बोलू नकोस, तुझ्या बोलण्याने माणसं अर्धा चहा टाकून उठतात. — निर्मला, सातारा, शनिवार, संध्याकाळी सात.